फिन्सबरीचे आरोग्य अहवाल : मजकूर वाचनीय, तक्ते कापलेले

जुने सरकारी आणि पालिकांचे अहवाल मागणीनुसार छापून, बांधून घरपोच देणारे विक्रेते अलीकडे बरेच झाले आहेत. अशाच एका विक्रेत्याकडून मागवलेला, लंडनमधील फिन्सबरी या बरोचे, म्हणजे स्वतःची पालिका असलेल्या शहरविभागाचे, १९०३ ते १९०६ या चार वर्षांचे आरोग्य अहवाल एकत्र बांधलेला खंड हा या परीक्षणाचा विषय आहे. खंडाची किंमत १,८५० रुपये, टपालखर्च वेगळा. विक्रेत्याचे नाव देत नाही. या धंद्यातील बहुतेकांचा माल एकाच रीतीने तयार होतो आणि खाली नोंदवलेले दोष त्या एकट्याचेच आहेत असे मानण्याचे कारण नाही. सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी, शहराच्या इतिहासाचे अभ्यासक आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर नोकरी काढून निवृत्त झालेले माझ्यासारखे लोक हे अशा खंडांचे नेहमीचे गिऱ्हाईक. त्यांपैकी कोणाला हा खंड उपयोगी पडेल आणि कोणाला तो चक्क चकवेल, हे सांगण्यासाठी थोडे विस्ताराने लिहावे लागत आहे.

फिन्सबरी हे नाव मुंबईत फारसे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. १८९९ च्या कायद्याने लंडनची २८ बरोंमध्ये विभागणी झाली, त्यांतला हा एक लहानसा, दाटीवाटीचा बरो. क्लर्कनवेल आणि सेंट ल्यूक हे त्याचे मुख्य भाग. घड्याळजींचे, छपाईचे, दागिन्यांचे कारखाने, त्यांच्या मागच्या बोळांत कामगारांची बिऱ्हाडे, आणि इटलीहून पोटासाठी आलेल्यांची एक वस्ती. १९०१ च्या जनगणनेत येथे एक लाखाहून थोडी अधिक माणसे होती. पुढे कचेऱ्या आणि गुदामे घरांच्या जागा गिळत गेल्यामुळे १९११ पर्यंत लोकसंख्या नव्वद हजारांच्या आत आली. एकंदर चित्र आपल्या मुंबईतल्या मांडवी-चकला या दाट वस्तीच्या जुन्या भागांची आठवण करून देणारे आहे.

लंडनमधल्या प्रत्येक स्थानिक संस्थेने वैद्यकीय आरोग्य अधिकारी नेमलाच पाहिजे, असे बंधन १८५५ च्या कायद्याने घातले होते. फिन्सबरीला १९०० पासून जॉर्ज न्यूमन हे अधिकारी लाभले. ते जंतुशास्त्राचे जाणकार. १९०७ मध्ये शिक्षण मंडळाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले आणि १९१९ मध्ये ब्रिटनचे आरोग्य मंत्रालय स्थापन झाले तेव्हा तेथील पहिले मुख्य वैद्यकीय अधिकारीही तेच. म्हणजे हातातला खंड एखाद्या कंटाळलेल्या कारकुनाने रकाने भरून काढलेला नाही, तो पुढे साऱ्या देशाचे आरोग्य धोरण हाताळणाऱ्या माणसाचा उमेदवारीतला हात आहे. खंड मागवण्याचे माझे कारण तेच होते, आणि मजकुरापुरते बोलायचे तर त्याने निराशा केली नाही.

आधी वस्तू म्हणून खंड कसा आहे ते पाहू. कागद जाड, पांढराशुभ्र. पुठ्ठ्याची बांधणी मजबूत, पावसाळी दमट हवेतही पुठ्ठा वाकलेला नाही. मुखपृष्ठावर टेम्स नदीवरच्या पुलाचे छायाचित्र आहे. फिन्सबरीला नदीकाठच नाही, पण तेवढे चालायचेच. आतली पाने म्हणजे मूळ प्रतीच्या पानांचे जसेच्या तसे स्कॅन; दोन ठिकाणी स्कॅन करणाऱ्याच्या बोटाचे टोकही छापले गेले आहे. मूळ अहवाल आकाराने मोठा आणि हा खंड त्याहून लहान, त्यामुळे अक्षर बारीक झाले आहे. मजकुराची पाने चष्म्याने निभावतात. खरी अडचण तक्त्यांची आहे. आडवे पसरलेले तक्ते लहान पानावर मावावेत म्हणून कडेने छाटले गेले आहेत, घडीची पाने न उलगडताच स्कॅन झाली आहेत, आणि जाड खंडाच्या शिवणीत डावीकडचा एक रकाना बहुतेक जागी गडप झालेला आहे. सूची नाही, चार वर्षांच्या अहवालांना सलग पृष्ठांकही नाहीत.

मजकूर मात्र मन लावून वाचावा असा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये एकूण मृत्युदर उतरत होता, पण वर्षाच्या आतली मुले मात्र पूर्वीसारखीच दगावत होती. १८९९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये दर हजार जन्मांमागे १६३ अर्भके मेली. उन्हाळा कडक गेला की जुलाबाने मुले पटापट जात, हे डॉक्टरांना माहीत होते. पण त्या जुलाबाची वाट दुधातून कशी जाते, हे गल्लीगल्लीत उतरून शोधण्याचे काम न्यूमन यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी केले. १९०३ मध्ये त्यांनी फिन्सबरीच्या दूधपुरवठ्याची स्वतंत्र तपासणी केली. दूध लांबच्या परगण्यांतून रेल्वेने येत असे, वाटेत तापत असे, दुकानात उघड्या भांड्यात बसून राहत असे, आणि ज्या घरात ते जाई तेथे ते झाकून ठेवायला जागा नसे. ज्यांना ताजे दूध परवडत नसे ते डब्यातील गोड, साय काढलेले आटवलेले दूध बाळाला पाजत. १९०४ मध्ये फिन्सबरीत अर्भकांसाठी दुधाचे केंद्र उघडण्यात आले. दूध, आईचे स्वतःचे आरोग्य, तिला मिळणारी माहिती आणि घराची अवस्था या चारही गोष्टी न्यूमन एकत्र पाहतात, आणि दोष सगळा आईच्या अज्ञानावर ढकलण्याचा त्या काळचा सोपा मार्ग ते सरसकट पत्करत नाहीत. अधूनमधून पत्करतात, हेही नमूद केले पाहिजे.

स्वच्छता निरीक्षकांच्या कामाचा भाग मला विशेष आवडला. गटारे, तळघरातील खोल्या, भट्ट्या, शिवणकामाचे कारखाने, जप्त केलेले नासके अन्न, घरमालकांना बजावलेल्या नोटिसा, अशी ती जंत्री चालते. पालिकेच्या खात्यात काम केलेल्या माणसाला हे वाचताना आपल्याच वॉर्डाचा मासिक गोषवारा हाती आल्यासारखे वाटते.

आता ज्या तक्त्यासाठी हे अहवाल प्रसिद्ध आहेत त्याकडे वळतो. न्यूमन यांनी बरोतील मृत्यू घराच्या आकारानुसार वेगळे करून दाखवले : एका खोलीत राहणाऱ्यांचा मृत्युदर, दोन खोल्यांतल्यांचा, तीन खोल्यांतल्यांचा, आणि चार किंवा अधिक खोल्यांतल्यांचा. एका खोलीतील बिऱ्हाडांत मृत्युदर हजारी ३९ च्या आसपास आणि चार किंवा अधिक खोल्यांत हजारी सहाच्या आसपास. एकाच बरोत, एकाच पाण्यावर आणि एकाच धुरात राहणाऱ्या लोकांमध्ये सहापटीहून अधिक फरक. घरांच्या प्रश्नावर लिहिणाऱ्या तेव्हाच्या मंडळींनी हा तक्ता पुनःपुन्हा उद्धृत केला, यात नवल नाही.

पण आकडेवारीच्या टेबलावर बसलेला माणूस अशा वेळी प्रथम अंशाकडे न पाहता छेदाकडे पाहतो. एका खोलीत किती माणसे राहतात हे नेमके कळते ते जनगणनेच्या वर्षी. पुढची वर्षे त्याच आकड्यावर ढकलावी लागतात, आणि ज्या बरोची वस्ती दरवर्षी घटत आहे तेथे तो आकडा दरवर्षी अधिक खोटा होत जातो. दुसरे असे की एका खोलीत राहणारे कोण? म्हातारी विधवा, कामावरून सुटलेला क्षयरोगी, ज्याला तीन खोल्यांचे भाडे झेपेनासे झाले म्हणून जो एका खोलीवर आला तो. म्हणजे खोलीने माणसाला आजारी पाडले हे जितके खरे, तितकेच आजाराने माणसाला खोलीत आणून टाकले हेही खरे. वयांची सरमिसळ लक्षात घेतल्याशिवाय ३९ आणि ६ यांची सरळ तुलना करणे धोक्याचे आहे. गरिबीचा परिणाम त्यामुळे नाहीसा होत नाही. तो किती, एवढेच सावधपणे बोलावे लागते.

जन्मांचीही तीच गोष्ट. सिटी रोडवरचे जुने प्रसूतिगृह फिन्सबरीच्या हद्दीत होते आणि शेजारच्या बरोंमधल्या बायकाही तेथे बाळंत होत. ते जन्म फिन्सबरीच्या खाती धरले तर छेद फुगतो आणि अर्भकमृत्यूचा दर आपोआप खाली दिसतो. म्हणून ते वजा केले की नाही, हे कळल्याशिवाय दराला अर्थ नाही. उलट बाजूने, फिन्सबरीचा रहिवासी बरोबाहेरच्या इस्पितळात मेला तर त्याचा मृत्यू परत फिन्सबरीच्या खाती आणावा लागतो. हे सगळे खुलासे अशा अहवालांत कोठे असतात? तक्त्याच्या तळटिपांत आणि शेवटच्या रकान्यात. आणि या पुनर्मुद्रणात नेमके तेच छाटले गेले आहे. एका तक्त्यात तर आकड्याच्या डोक्यावर तारा आहे, आणि ताऱ्याची टीप पानाच्या कडेबरोबर गेली आहे. अशा पानावरून एखाद्या विद्यार्थ्याने आकडा उचलून प्रबंधात घातला तर त्याला दोष तरी कसा द्यावा!

हा दोष किती गंभीर आहे हे मुंबईच्या आकड्यांवरून अधिक स्पष्ट होते. १९२१ सालचा आपल्या शहराचा खोल्यांनुसार अर्भकमृत्यूचा तक्ता अनेकांनी पाहिला असेल : एक खोली किंवा त्याहून कमी जागेत दर हजार जन्मांमागे ८२८ मृत्यू, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१, चार किंवा अधिक खोल्यांत १३३. त्याच वर्षी इंग्लंड आणि वेल्सचा दर ८३ होता. ८२८ हा आकडा वाचून कोणाच्याही पोटात गोळा येईल, आणि गिरणगावातील चाळींची तेव्हाची अवस्था पाहता तो यावाच. तरीही दर हजारी ८२८ याचा अर्थ जन्मलेल्या सहा मुलांपैकी पाच मेली असा घेतला तर ती चूक होईल. मुंबईत तेव्हा केवळ रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेली दोन लाखांहून अधिक माणसे होती. गिरणी कामगाराची बायको बाळंतपणाला गावी जाई. जन्माची नोंद झालीच तर गावच्या पाटलाकडे होई. काही महिन्यांनी बाळाला घेऊन ती बोटीने परत येई, आणि परळच्या किंवा शिवडीच्या खोलीत ते बाळ दगावले की मृत्यूची नोंद मात्र मुंबईत होई. अंशात मूल आहे, छेदात नाही. त्यातून ज्या बायका इस्पितळात बाळंत होत त्यांच्या मुलांचा जन्म इस्पितळाच्या रकान्यात आणि मृत्यू चाळीतल्या खोलीच्या रकान्यात गेला, तर एका खोलीचा दर आणखी चढतो. फिन्सबरीत बाहेरच्या बाळंतिणींमुळे छेद फुगण्याची भीती, मुंबईत गावी गेलेल्या बाळंतिणींमुळे तो आकसण्याची. दोन्ही तक्ते दिसायला सारखे, त्यांच्यातली चूक मात्र उलट दिशेची.

एकूण मृत्युदराचेही असेच झाले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि त्यानंतर दर हंगामात माणसे शहर सोडून पळू लागली. १८९१ मध्ये मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १ मार्च १९०१ ला, प्लेगाचा हंगाम भरात असताना झालेल्या जनगणनेत ती ७,७६,००६ भरली. पुढे १९०६ मध्ये पालिकेच्या आरोग्य खात्याने, डॉ. जे. ए. टर्नर आरोग्य अधिकारी असताना, शहराची स्वतंत्र शिरगणती केली, तेव्हा ९,७७,८२२ माणसे मोजली गेली. समजा, एखाद्या वर्षी ४०,००० मृत्यू झाले. १९०१ चा छेद घेतला तर मृत्युदर हजारी ५१.५ येतो, १९०६ चा घेतला तर ४०.९. माणसे तितकीच मेली. फरक पडला तो भागाकारात. दहा अंकांचा हा फरक कोणत्याही स्वच्छता मोहिमेचे यश म्हणून खपवता येईल एवढा मोठा आहे, आणि तो कशामुळे पडला हे सांगणारी ओळ तक्त्याखाली बारीक टायपात असते.

फिन्सबरीचा खंड मुंबईच्या अहवालांशेजारी ठेवून वाचण्याचा एक फायदा निश्चित झाला. लंडनचा अधिकारी मृत्यूंची विभागणी खोल्यांनुसार, रस्त्यांनुसार, धंद्यांनुसार करतो. मुंबईच्या तक्त्यांत त्याआधी जात आणि धर्म येतो. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे शहरातले हजारी मृत्यू घ्या : हलक्या गणल्या गेलेल्या जातींतील हिंदूंमध्ये ६१.६, मुसलमानांत १९.२, इतर हिंदूंत १८.९, पारशांत ९, युरोपियनांत ८.३. त्या साथीत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. ६१.६ हा आकडा जातीचा नाही, तो त्या लोकांना मिळालेल्या जागेचा, अन्नाचा आणि औषधपाण्याचा आहे; पण रकान्याच्या डोक्यावर जात लिहिली की वाचणाऱ्याला कारणही जातीतच दिसू लागते. फिन्सबरीच्या रकान्याच्या डोक्यावर 'एक खोली' लिहिलेले असल्यामुळे तेथे निदान घरमालकाला आणि पालिकेला काहीतरी करणे भाग पडते. मृत्यूच्या कारणांबाबतही लंडनचे पारडे जड आहे, कारण तेथे बहुतेक मृत्यूंना डॉक्टरचा दाखला असे. मुंबईत 'ताप' या एका शब्दाखाली मलेरियापासून विषमज्वरापर्यंत सगळे खपून जाई.

याच वाचनासाठी दुसरे पर्याय कोणते, तेही सांगतो. लंडनच्या वेलकम कलेक्शनने १८४८ ते १९७२ या काळातील लंडन परिसराच्या आरोग्य अधिकाऱ्यांचे साडेपाच हजारांहून अधिक अहवाल स्कॅन करून इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. फिन्सबरीचे अहवाल त्यांत आहेत. तक्ता पडद्यावर हवा तेवढा मोठा करता येतो, आणि ज्या शिवणीत आपला रकाना गडप झाला ती शिवण तेथे नाही. मुंबईसाठी एस. एम. एडवर्ड्स यांनी संपादित केलेले १९०९-१० चे तीन खंडांचे शहर गॅझेटियर आजही पहिला आधार आहे; महाराष्ट्र शासनाने सत्तरच्या दशकात त्याचे हुबेहूब पुनर्मुद्रण काढले, आणि जुना ग्रंथ पुन्हा कसा छापावा याचा तो चांगला नमुना आहे. समास सोडलेले, तळटिपा शाबूत. पालिकेचे मूळ वार्षिक अहवाल पाहायचे तर काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागार किंवा टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय गाठावे, आणि पेन्सिल व कोरा कागद बरोबर न्यावा.

मग १,८५० रुपये घालावेत का? ज्यांना पडद्यावर वाचणे जमत नाही, ज्यांना न्यूमन यांचे गद्य, दुधाचे प्रकरण आणि निरीक्षकांच्या जंत्र्या आरामखुर्चीत बसून वाचायच्या आहेत, त्यांनी जरूर घ्यावा. कागद आणि बांधणी त्या किमतीला साजेशी आहे. ज्यांना आकडे हवे आहेत त्यांनी घेऊ नये. मोफत प्रतीतून हवे ते तक्ते उतरवून, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री कागदावर छापून घ्यावेत. खर्च शंभर-दीडशेच्या वर जात नाही आणि तळटिपा जागेवर राहतात. मी दोन्ही केले आहे, आणि आता खंडातल्या कापलेल्या तक्त्यांच्या जागी घडी घालून ती पाने खोचून ठेवली आहेत.

विक्रेत्याच्या सेवेबद्दल दोन ओळी. पार्सल दिलेल्या मुदतीत आले, भर पावसात आले तरी प्लास्टिकच्या दुहेरी वेष्टनामुळे कोरडे राहिले. छाटलेल्या पानांबद्दल लिहिले तेव्हा उत्तर दुसऱ्याच दिवशी मिळाले : मूळ स्कॅन जसे हाती आले तसे छापले आहे, आणि मागणीनुसार छापलेला माल परत घेतला जात नाही. उत्तर सभ्य होते. ही अट मात्र संकेतस्थळावर पैसे भरण्याच्या पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत आहे. मागणी नोंदवण्यापूर्वी तक्त्याच्या एका पानाचा आणि एका घडीच्या पानाचा नमुना मागून घ्यावा. तो पाठवायला विक्रेता तयार झाला नाही, तर तक्ते कसे असतील याची कल्पना तेथेच येते.